सात नाही, एकच

दवाखान्याच्या ओसरीतली बायबलच्या वचनाची पाटी नव्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी उतरवली, त्या दिवशी झुंबरबाई शिवारातल्या एका वस्तीवर अडलेल्या बाईजवळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर भिंतीवर नुसता चौकोनी पांढरा डाग. शेजारी गणपतीची तसबीर असायची, तिथेही तसाच डाग.

"दवाखाना सगळ्यांचा आहे, बाई," डॉक्टर वामनराव म्हणाले. "इथे तुमचा देव नको आणि माझ्या आईचाही नको. मी कोणत्याच देवाला मानत नाही. लोकांनीही हळूहळू मानणं सोडावं असं मला वाटतं."

तिला ते खोटं वाटलं नाही. माणूस तरुण होता, नागपूरला शिकलेला, खादीचा सदरा घालणारा. महारवाड्यातल्या रोग्याची नाडी तो सहज हातात घेई आणि तोच हात न धुता पाटलाच्या कपाळाला लावी. पण आठवड्याभरात गणपती कंपाउंडरच्या कपाटावर परत येऊन बसला आणि डॉक्टरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाटी मात्र कोळशाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या दिवसापासून झुंबरबाई माणसांकडे जरा जपून पाहू लागली.

ही गोष्ट सन अडतीसच्या उन्हाळ्यातली. गाव खैरगव्हाण, मलकापूर स्टेशनापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. झुंबरबाई तिथल्या लोकल बोर्डाच्या दवाखान्यात बारा वर्षं दाई होती. संवत छप्पनच्या दुष्काळात, चार वर्षांची असताना, कोणीतरी तिला मिशनच्या अनाथालयाच्या दारात आणून सोडलं होतं. तिथे तिचं नाव मार्था ठेवलं, तिला लिहायला-वाचायला शिकवलं, मोठी झाल्यावर मिशनच्याच इस्पितळात बाळंतपणाचं काम शिकवलं, आणि एका सुताराशी लग्न लावून दिलं. सुतार लवकर गेला. मूल नव्हतं. मार्था हे नाव ख्रिस्ती देवळापुरतं राहिलं. गावात ती झुंबरबाईच.

लोक तिला बोलवत आणि भीतही. बाई अडली की गाडी जुंपून न्यायला येत. लेकरू झालं, नाळ कापली, की सासवा तिची उकळलेल्या पाण्याची बाटली निरखू लागत. "हे पानी कायचं हाये, बाई?" दर घरी हाच प्रश्न. ती बाटलीतलं पाणी स्वतः पिऊन दाखवी. मग त्या हसत, "तसं नाई वं, सहज इचारलं," असं म्हणत, आणि ती उंबऱ्याबाहेर पडली की तिची बसलेली जागा शेणाने सारवून घेत. हे तिला माहीत होतं. बारा वर्षांत तिने ते मनावर घेणं सोडून दिलं होतं.

वैशाखात डॉक्टरांनी तिला आत बोलावलं आणि एक पोस्टकार्ड टेबलावर सरकवलं. निनावी अर्ज होता. अक्षर वळणदार. 'आपल्या दवाखान्यातील किरिस्ताव दाई बाळंतपणाच्या नावाखाली हिंदूंच्या घरात शिरून नवजात बालकांना पाणी टाकून बाटवते. आजवर सात बालके बाटवली. बंदोबस्त न झाल्यास वर दाद मागू.' शिक्का मलकापूरचा.

"हे खरं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

झुंबरबाईने अर्ज पुन्हा वाचला. सात हे खोटं होतं. पण एक खरं होतं.

"मले इचार करू द्या, साहेब."

"विचार कसला करायचा? हो किंवा नाही." ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच तिला सासवांची ती नजर दिसली, बाटली निरखणारी. "बरं. सोमवारी चौकशी ठेवतो. बोर्डाच्या वतीने किसनराव येतील."

किसनरावांचं नाव ऐकून ती दारातच थांबली. कारण ते एक लेकरू किसनरावांच्याच घरचं होतं.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. किसनराव गावातले मोठे शेतकरी, लोकल बोर्डाचे सभासद. त्यांची सून मनकर्णा दोन दिवस अडली होती. झुंबरबाई गेली तेव्हा सोबत दवाखान्याची आया सुगराबी होती. मुलगा झाला, पण निळा, गप्प. मनकर्णाची शुद्ध गेलेली. सासू रडत बाहेर पळाली. झुंबरबाईने त्याच्या तोंडात फुंकलं, तळपाय चोळले, थंड आणि ऊन पाण्यात आळीपाळीने धरलं. लेकराने तीन-चार श्वास घेतले. तेवढेच. मान कलंडायला लागली तेव्हा तिच्या हातून ते झालं: बाटलीतलं पाणी तिने त्याच्या कपाळावर पुसलं, एक नाव घेतलं, आणि त्याला आपल्या प्रभूच्या हाती दिलं. विचार करून केलं नव्हतं. पडणारं भांडं माणूस झेलतो, तसं ते झालं.

हे पाहिलं फक्त सुगराबीने.

दवाखान्यातून बाहेर पडल्यापासून झुंबरबाईच्या डोक्यात एकच गिरमिट फिरू लागलं. सुगराबीचा भाचा रज्जाक मलकापूरला जिनिंगात कामाला होता. दर आठवड्याला जाऊन-येऊन. शिक्का मलकापूरचा. गेल्या महिन्यात कंपाउंडरने सुगराबीच्या कामावर आपली मेहुणी लावायचं काढलं होतं. आयाला आपली जागा पक्की करायची असेल तर दाईची चुगली करण्यासारखा सोपा मार्ग नाही. आणि सुगराबी हल्ली तिच्यासोबत चहा घ्यायचं टाळत नव्हती का? परवा रोजा नसताना 'नको' म्हणाली. एकेक गोष्ट दुसरीला जाऊन चिकटत होती. दहा वर्षांची सोबतीण दोन दिवसांत परकी झाली.

शनिवारी दोघी दवाखान्यामागे फडकी उकळत होत्या. झुंबरबाईला राहवलं नाही.

"सुगराबी, किसनरावाच्या घरची गोष्ट तू कोनाले सांगतली?"

"कोनती गोष्ट?"

"तुले मालूम हाये कोनती."

सुगराबीच्या हातातली काठी थांबली. तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला नाही, कडक झाला.

"तुले वाटते म्यां चिठ्ठी धाडली? मले लिवता येते का?"

"रज्जाकले येते."

"हाव. रज्जाकले येते." सुगराबीने काठी खाली ठेवली. "आयक, झुंबर. त्या रोजी तू तुह्या देवाचं नाव घेतलं. मीबी त्या लेकराच्या कानाशी माहे दोन शब्द बोलली. तुह्यी पाठ व्हती, पन कानावर आलंच असन. मंग मीबी बाटवलं का त्याले? मले तर दोन सालांत वाटलं नाई का तू कोनाले सांगशीन."

ती फडकी तशीच उकळत ठेवून निघून गेली. झुंबरबाईला वाटलं, खरं बोलली. पुन्हा वाटलं, एवढं चटकन उत्तर सुचलं म्हणजे आधीच तयार असेल. संशयाचं असंच असतं. दार बंद केलं तर खिडकीतून येतो.

सोमवारी चौकशीला तिघेच होते. डॉक्टर, किसनराव आणि ती. किसनरावांनी पागोटं मांडीवर ठेवलं आणि कोटाच्या खिशातून एक पातळ मासिक काढून टेबलावर टाकलं. मिशनचं मासिक होतं. झुंबरबाईने ते शंभरदा पाहिलं होतं. तिच्या देवळातले पाद्री, पाळक अर्जुनराव, त्यात लिहीत असत.

"मलकापूरच्या फलाटावर एक किरिस्ताव मानूस फुकट वाटून राह्यला व्हता," किसनराव म्हणाले. "गाडीले वेळ व्हता म्हनून वाचलं. डॉक्टरसाहेब, निशानी करून ठेवली हाये तिथं वाचा."

डॉक्टरांनी वाचलं. 'खैरगव्हाण येथील आमची विश्वासू भगिनी मार्थाबाई हिने मूर्तिपूजकांच्या घरी, एका प्रतिष्ठित कुटुंबातही, गुप्तपणे कार्य करून आजवर सात बालकांना तारणाऱ्याच्या चरणी अर्पण केले आहे. सुवार्तेचा हा केवढा विजय!'

झुंबरबाईला प्रथम काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. फाल्गुनात ती अर्जुनरावांकडे गेली होती. दोन वर्षं छातीवर बसलेली ती गोष्ट तिने त्यांना सांगितली होती आणि विचारलं होतं, मी केलं ते पाप होतं का? आईला न विचारता केलं. आपल्यात तर तान्ह्याला बाप्तिस्माच नसतो. मग मी केलं ते काय होतं? अर्जुनरावांनी डोळे मिटून ऐकलं आणि 'प्रभू जाणतो' एवढंच म्हणाले. ती प्रश्न घेऊन गेली होती. त्यांनी त्याचा विजय करून छापला, आणि एकाचे सात केले.

म्हणजे सुगराबी नव्हती. पत्र कोणी लिहिलं हेही आता विचारायची गरज नव्हती. तरी तिने किसनरावांकडे पाहिलं.

"कार्ड म्यांच लिवलं," ते म्हणाले. "नाव टाकलं असतं तर माह्या घरची गोष्ट बजारात गेली असती. आता सांगा, बाई. माहा नातू त्या सातांत हाये का?"

डॉक्टरांनी मध्येच हात वर केला. "थांबा. बाई, माझं ऐका." त्यांनी एक कागद पुढे ओढला. "हे मासिकवाले काहीही छापतात, सगळेच धर्मवाले छापतात. तुम्ही एक वाक्य लिहून द्या की असं कधीही घडलेलं नाही. आणि एक, की कामावर असताना मी देवाचं नाव घेणार नाही. विषय संपला. तुमच्यासारखी दाई या तालुक्यात नाही. मला तुम्हाला घालवायचं नाही."

त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. तिला तेही कळत होतं. त्यांच्या दृष्टीने ती दोन्ही वाक्यं सारखीच हलकी होती, फळ्यावरचा खडू पुसावा तशी. तिने टाक हातात घेतला. 'असं कधीही' इथपर्यंत लिहिलं. मग तो निळा चेहरा आठवला, आणि हात पुढे जाईना. या जगात ते लेकरू तीन-चार श्वास होतं. ते घडलंच नाही असं लिहायचं, तर ते श्वासही गेले.

तिने टाक ठेवला.

"सात नाही, साहेब. एकच."

"बाई!" डॉक्टर ओरडलेच.

"किसनराव, तुमच्याच घरचं लेकरू. जीव जाऊन राह्यला व्हता. म्यां पानी लावलं, माह्या देवाचं नाव घेतलं. तुमाले इचारलं नाई, ही माही चूक. बाकी सहा कुठून आले मले मालूम नाई."

किसनराव उठले. त्यांच्या रागापेक्षा त्यांचा चेहरा तिच्या जास्त लक्षात राहिला. माणूस आपल्याच घराच्या भिंतीला कान लावतो तसा. "एक म्हंते," ते डॉक्टरांना म्हणाले. "सापडलं तेवढं एक. न सापडलेले किती?"

दुसऱ्या दिवसापासून ज्या घरात तिच्या हातावर लेकरू जन्मलं होतं, त्या प्रत्येक घराला हाच प्रश्न पडला. लोक आपल्याच पोरांच्या कपाळाकडे पाहू लागले. काहींनी गोमूत्र शिंपडलं, काहींनी ब्राह्मण बोलावला. सात-आठ वर्षांची पोरं तिला पाहून पळू लागली. आडावर तिची घागर कोणीतरी दगडाने फोडली. कामावरून काढल्याचा कागद आला, तेव्हा त्यावर धर्माचा शब्दही नव्हता. 'शिस्तभंग' एवढंच होतं.

आठवड्याने पाळक अर्जुनराव आले, सोबत फोटोवाला घेऊन. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मार्थाबाई, तुम्ही ख्रिस्तासाठी छळ सोसला. मंडळीला हे कळलं पाहिजे. पुढच्या अंकात तुमचं चित्र—"

"पाळकसाहेब, सात काऊन लिवले?"

ते थबकले. "अहो, तो आकडा जसाच्या तसा घ्यायचा नसतो. सात म्हणजे पूर्णत्व. शिवाय अंक दूरवर जातो, विलायतेत वाचतात..."

"मी तुमाले इचारायले आलती. सांगायले नाई."

"बाई, गाव तुमच्यावर उठलंय ते तुमच्या विश्वासामुळे."

"अर्ध त्याच्यामुळं असन," झुंबरबाई म्हणाली. "अर्ध तुमच्या सहांमुळं. ते सहा मी कुठून आनू? कोनत्या घरी जाऊन सांगू का तुमचं पोरगं त्यातलं नाई?"

तिने फोटो काढू दिला नाही. पुढे कित्येक रविवार ती देवळात गेली नाही. घरीच प्रार्थना करी, आणि करता करता मध्येच थांबून विचार करी, की आता हे कोण ऐकतंय आणि कोणाला सांगणार आहे.

दवाखान्याची खोली सोडायची होती. गावात तिला कोणी जागा देईना. शेवटच्या दिवशी सुगराबी दारात येऊन उभी राहिली.

"माह्या वाड्यात मागची खोली खाली हाये. ये. बोलनं मात्र मांगू नको."

"सुगराबी, माह्यी चूक झाली वं. मले वाटलं—"

"म्हनलं ना, बोलनं मांगू नको."

पहिले चार महिने दोघी एका अंगणात न बोलता राहिल्या. सुगराबी तिच्या चुलीजवळ भाकरी आणून ठेवी आणि पाठ फिरवी. पुढे बोलणं सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. सुगराबी कोणतीही गोष्ट सांगताना अर्ध्यावर थांबून म्हणायची, "जाऊ दे, उद्या म्हनशीन, तुहंच बोलनं बाहेर गेलं." हसून म्हणायची, पण म्हणायची.

पोळ्यानंतरच्या एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, मनकर्णा आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी. घरी सांगितलं होतं, बांगड्या भरायला जाते. खोलीत येऊन ती भिंतीला टेकून बसली आणि झुंबरबाईकडे बघत राहिली. झुंबरबाईला वाटलं, आता ही शाप देणार.

"मले सांगतलं व्हतं," मनकर्णा म्हणाली, "का मेलेलंच जनमलं."

झुंबरबाईने दार लोटून घेतलं.

"सासूनं सांगतलं. दोन सालं मी तेच धरून बसली. आता गावभर बोंब हाये का तुमी त्याले बाटवलं. मेलेल्याले कोनी बाटवते का? म्हनून आली. खरं सांगा. जितं व्हतं का?"

"हाव."

"कितीक वेळ?"

"तीन श्वास. चार असतीन. माह्या हातावर."

मनकर्णाने पदर तोंडात धरला. मुलगी तिच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होती. मग तिने विचारलं, "तुमच्या लोकांत नाव घेतात म्हंते. घेतलं व्हतं का?"

"घेतलं."

"कोनतं? इंग्रजी?"

"नाई वं माय. माहा एक धाकटा भाऊ व्हता. छप्पनच्या काळात, माय सडकेच्या कामावर असतानी, मेला तो. मले तेच नाव आठोलं. कडूबा."

कडूबा हे नाव लोक मुद्दाम ठेवतात. लेकरू कडू लागावं आणि मरणाने त्याला उचलू नये म्हणून. मनकर्णाने ते नाव ऐकलं. दोनदा ओठांतल्या ओठांत म्हटलं. तिला दोन वर्षांत त्याला हाक मारायला काही नव्हतं.

"मंग आता तो तुमच्या देवापाशी हाये का आमच्या?"

"मले नाई मालूम, बाई. हेच इचारायले तर मी गेलती, त्यातूनच हे सारं झालं."

मनकर्णा उठली. दारात वळून तिने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, कोणी बघत तर नाही ना, आणि पदर पुढे ओढून गेली. ती पुन्हा कधी आली नाही. बाजारात दिसली तरी ओळख देत नसे. झुंबरबाईने ते समजून घेतलं.

किसनरावांचा राग मात्र गेला नाही. महायुद्ध संपायच्या सुमारास ते वारले, तोवर ते तिची सावली टाळत. डॉक्टर वामनरावांची बदली त्याआधीच झाली. जाण्यापूर्वी ते एकदा सुगराबीच्या अंगणात आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "तुम्ही एक वाक्य लिहिलं असतं, तर यंदा बाळंतपणात गेलेल्या दोन बायका वाचल्या असत्या." ती म्हणाली, "तुमी दोन वाक्यं मांगितली नसती, तरी वाचल्या असत्या." दोघेही आपापल्या जागी खरे होते, आणि त्या दोन बायका खरोखरच गेल्या होत्या.

त्या बायका गेल्यावरच लोक पुन्हा तिच्याकडे येऊ लागले. आधी माळावरच्या वस्तीतले, मग महारवाड्यातले, मग मागच्या दाराने कुणबी. ती जाई. पण आता उंबऱ्याबाहेरच थांबून मोठ्याने विचारी, "मी काम करतानी माह्या देवाचं नाव घेते. पानी कोनाले लावत नाई. चालन का? नाई म्हनसान तर तोंडानं घेनार नाई."

बहुतेक म्हणत, घे बाई, काय घ्यायचं ते घे, पण पोरगी मोकळी कर. काही म्हणत, नको; मग ती तोंड मिटून काम करी. सोनाळ्याकडच्या एका घरी म्हातारी सासू म्हणाली, "मनातबी घेऊ नको."

"मनाचं मी कशी सांगू, माय?"

"मंग जा तू."

ती वळली आणि परत गाडीत जाऊन बसली. गाडीवानाने बैल हाकले. वेशीपर्यंत गेले असतील, तोच म्हातारी अनवाणी धावत आली आणि तिने गाडीच्या चाकाचा आरा धरला. सून किंचाळत होती, तो आवाज तिथपर्यंत येत होता. म्हातारी हात धरून तिला घरात घेऊन गेली. मग कोपऱ्यात पाट टाकून बसली आणि लेकरू बाहेर येऊन रडेपर्यंत, तीन तास, पापणी न हलवता झुंबरबाईच्या ओठांकडे बघत राहिली.